ह्यांच्या नावावरचं चलन

आमचे हे श्रावणात गेले आणि दसऱ्याच्या दिवशी त्यांनी विक्रोळीजवळ हायवेवर अडुसष्टच्या वेगाने रिक्षा पळवली, असं सरकारचं म्हणणं होतं. मेसेज आला तोही त्यांच्याच मोबाइलवर. तो नंबर मी अजून चालू ठेवला होता, कारण निम्म्या कामांचे ओटीपी त्यावरच यायचे. नंदकिशोर दत्ताराम परब, आपल्या वाहनाने वेगमर्यादेचे उल्लंघन केले आहे. मर्यादा पन्नास, वेग अडुसष्ट. मी दोनदा वाचलं आणि असा काही आवाज चढवला की दिशा अंगावर अर्धं पाणी घेऊन न्हाणीतून बाहेर आली.

"काय झालं गं आई?"

"तुझ्या बाबांना चलन आलंय. दसऱ्याचं."

"बाबांना?" तिने ओल्या हाताने मोबाइल घेतला. "अगं, बाबा तर..."

"तेच म्हणतेय मी!"

मला राग कशाचा आला ते नीट सांगते, नाहीतर लोकांना वाटतं बाई एका चलनासाठी जग डोक्यावर घेतेय. ह्यांनी सव्वीस वर्षं घाटकोपरात रिक्षा चालवली. सव्वीस वर्षांत एक चलन नाही, एक धडक नाही, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. रिक्षा कायम चाळीसच्या आतबाहेर. घाई असलेले पॅसेंजर वैतागून मध्येच उतरायचे. स्टँडवरची मंडळी ह्यांना 'बैलगाडी' म्हणायची, तोंडावर. हे हसायचे. मी मात्र कधी हसले नाही. माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट नेटाने केली आणि तो गेल्यावर दोन महिन्यांत त्याच गोष्टीवर कुणी शाई ओतली, तर बायकोने काय करायचं?

रिक्षाचं परमिट माझ्या नावावर करण्याचे कागद आरटीओत पडले होते. लायसन्स मी काढलं होतं, रिक्षा चालवायच्या बॅजचा अर्ज केला होता. तोवर भटवाडीतल्या एका पोळीभाजी केंद्रात उभी राहून पोळ्या लाटत होते. आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, या गाडीवर एक चलन पेंडिंग आहे. ते क्लिअर करा, मग परमिट पुढे सरकेल." माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणीसुद्धा विचारलं.

चलनाबरोबर फोटो होता. एका रिक्षाची पाठ, आणि तिच्यावर आडवा झेंडूचा हा एवढा हार. हाराखाली नंबरप्लेटचा शेवटचा आकडा अर्धा झाकलेला. तो हार बघितला आणि मी टाळीच वाजवली.

"दिशा, ही आपली रिक्षाच नाही! आपल्या रिक्षाला हार कुठून येणार?"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही. दाराला तोरण नाही, गोडधोड नाही, सोनं वाटायला कुणाच्या दारात जायचं नाही. त्या दसऱ्याला मी दार लावून घरात बसले होते आणि दुपारी भात-आमटी खाल्ली होती. रिक्षा खाली उतारावर, स्टँडच्या मागच्या गल्लीत ताडपत्री घालून उभी होती. तिला हळदकुंकूसुद्धा लागलं नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्याने कुणा दुसऱ्याचा अर्धा झाकलेला आकडा चुकीचा वाचला आणि ते बालंट माझ्या मेलेल्या नवऱ्यावर आलं. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

सरकारच्या दृष्टीने संपला नाही. दिशाने ऑनलाइन तक्रार टाकली. मी सांगत होते, ती टाइप करत होती, आणि मध्येच थांबून म्हणाली, "आई, 'आमच्या घरात सण नव्हता' हे कारण कोण धरणार आहे?"

"ज्याला घरदार आहे तो धरेल. लिही तू."

आठ दिवसांनी उत्तर आलं. तक्रार अमान्य. दंड भरावा किंवा न्यायालयात दाद मागावी.

माझे दीर सुबोध रविवारी मुलुंडहून आले. ते बँकेत आहेत, आणि कुठलाही प्रश्न अर्ध्या तासात मिटवून जेवायला बसायची त्यांना सवय आहे. मालवणी त्यांना फक्त समजूत घालताना आठवते. "वहिनी, कित्याक डोक्याक ताप करून घेतास? येत्या शनिवारी लोकअदालत आसा. अर्ध्यात मिटता. तुमी सही करा, परमिट मोकळा."

"सही म्हणजे काय? भरलं म्हणजे कबूल केलं."

"कोणी केला, काय केला, कोण बघता?"

"मी बघते ना."

सुबोधभावजी दिशाकडे बघून हसले. "तुझी आई म्हणजे..." पुढचं त्यांनी मासळीच्या कालवणात बुडवलं. मी त्यांना एक तुकडी जास्त वाढली, पण ऐकलं काही नाही.

कोर्टातच जायचं ठरवलं. त्यासाठी फोटो मोठा करून छापून आणायचा होता. दिशा संध्याकाळी ऑफिसातून आली, दाराजवळच्या स्टुलावर बसून दोन बोटांनी फोटो मोठा करत होती, आणि मध्येच उठली. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

रिक्षाच्या हुडाला उजव्या कोपऱ्यात रेक्झिनचं चौकोनी ठिगळ होतं. टाके वाकडे, दोऱ्याचा रंग हिरवा. काळा दोरा त्या दिवशी संपला होता म्हणून मी हिरवा घेतला होता. दाभणाने बोट फुटलं होतं आणि हे मला म्हणाले होते की दोन रुपयांचा दोरा आणला असता तर रक्त वाचलं असतं. ती आमचीच रिक्षा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्यांना दांडी मारून स्टँडवर गेले. रिक्षाची दुसरी किल्ली वर्षानुवर्षं भाऊरावांकडे असायची. भाऊराव म्हणजे ह्यांचे जिवलग. दोघांनी एकाच महिन्यात परमिट घेतलं, एकाच कटिंगमध्ये अर्धा-अर्धा चहा प्यायले. मला रिक्षांच्या रांगेकडे येताना बघून भाऊराव रिक्षातून खाली उतरले, आणि त्यांच्या उतरण्यातच मला उत्तर मिळालं.

मी छापलेला फोटो पुढे धरला. "हे काय आहे, भाऊराव?"

त्यांनी बघितलं. मान वर केली नाही. "चलन तुमच्याकडे आलं काय? मला वाटलं, कॅमेरा बंद असेल तिथला."

"कोणी चालवली?"

"मी."

"आमच्या घरात सण नाही, माहीत होतं ना तुम्हाला?"

"घरात नाही, वहिनी. स्टँडला थोडंच सुतक आहे?" मग ते भडाभडा बोलले. दसऱ्याला स्टँडवरच्या सगळ्या रिक्षा धुवायच्या, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, मागे हार, आणि मग सगळ्यांनी रांगेने हायवेला एक फेरी मारायची, हा त्यांचा रिवाज. त्या दिवशी बावीस रिक्षा रांगेत लागल्या आणि तेविसावी ताडपत्रीखाली. "नंदूची रिक्षा बिनपूजेची कशी ठेवायची? माझी मी तिथेच सोडली आणि त्याची काढली. त्याचा फोटो काचेला लावला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

खोटं बोलणाऱ्याला झोडपता येतं, पण हा माणूस खरं बोलत होता आणि वर त्याचे डोळे भरले होते. पण मी काही तिथे रडायला गेले नव्हते.

"पूजा केलीत, ठीक. अडुसष्टने कशाला हाकली?"

"नंदू नेहमी म्हणायचा, वहिनी. एकदा हायवेला मोकळी सोडणार आहे हिला. बघतच राहाल, म्हणायचा. संसार मागे म्हणून कधी सोडली नाही त्याने. त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला. त्याच्या फोटोला म्हटलं, नंद्या, बघ, एकदाची सोडली. तेवढंच त्याच्या मनासारखं."

आणि इथे माझं डोकं फिरलं. हा माणूस मला सांगत होता की माझ्या नवऱ्याच्या मनात काय होतं. संसाराच्या ओझ्याने तो हळू चालवायचा, म्हणे. म्हणजे मी आणि दिशा त्याच्या रिक्षाला बांधलेले धोंडे!

"ऐका आता माझं," मी म्हटलं. आजूबाजूचे चार रिक्षावालेही बघायला लागले होते. बरंच झालं. "त्यांचं पहिलं वर्ष होतं रिक्षाचं. लग्नसुद्धा झालं नव्हतं आमचं, कसला संसार अन् कसलं काय. भटवाडीच्या उतारावरून तुमच्यासारखीच मोकळी सोडली होती त्यांनी. शाळेतली पोरगी आडवी आली. ब्रेक लागला तेव्हा चाक आणि ती यांच्यात वीतभर अंतर होतं. पोरगी पळाली, एक चप्पल चाकाखाली राहिली. तीन दिवस हा माणूस ती चप्पल घेऊन शाळेच्या गेटवर उभा राहिला, पण ती सापडली नाही. लग्नानंतर मला सांगताना ते मध्येच उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले, बारा महिने होऊन गेले तरी. ते हळू चालवायचे कारण त्यांना हळू चालवायचं होतं. कळलं?"

भाऊरावांनी डोक्यावरून हात फिरवला. "आम्हाला कधी बोलला नाही."

"तुम्ही बैलगाडी म्हणायचात. तुम्हाला काय सांगणार? तुमच्यात बसायला म्हणून म्हणायचे ते, मोकळी सोडणार, मोकळी सोडणार. आणि तुम्ही ते खरं धरलंत."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "चलन मी भरतो, वहिनी. शनिवारी लोकअदालत आहे. कुणाला कळणार नाही. तुमचं परमिटही सुटेल."

"मला कळलेलं आहे. चलन त्यांच्या नावावर आहे. तुम्ही कोर्टात या आणि सांगा की चालवत तुम्ही होता."

ते एक पाऊल मागे सरकले. "माझ्या नावावर आधीची दोन आहेत. चैत्रात बॅजचं नूतनीकरण आहे. तिसरं लागलं तर साहेब फाइल बाजूला काढतात. पोराची नोकरी गेलीये, वहिनी. घर माझ्या बॅजवर चाललंय."

"आणि माझं?"

मी तिथून सरळ निघाले.

पुढचे चार दिवस घरात दिशा आणि मी दोघी चमच्याच्या आवाजावरूनही भांडत होतो. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "बाबा गेले, आई. त्यांना आता चलनाने काय फरक पडतो? तू उभ्याने पोळ्या लाटून पाय सुजवून घेतेस, ते मला दिसतं. एक सही कर आणि रिक्षा चालव. बाबांना तेच आवडलं असतं."

"बाबांना काय आवडलं असतं ते सगळ्यांनाच कसं काय गं माहीत असतं?"

ती रुसून बसली. मलाही रात्रभर वाटत राहिलं की पोरीचं ऐकावं. हट्ट करायला पोट भरलेलं लागतं, असं माझी सासू म्हणायची, आणि माझं पोट काही फार भरलेलं नव्हतं.

म्हणून शनिवारी मी लोकअदालतीत गेले. हो, गेले. दोन तास रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे मढहून आलेली एक कोळीण होती, सगुणा नावाची, मासळीच्या टेम्पोची चार चलनं पिशवीत घेऊन. "सगली मिटवते आनि मोकली होते," म्हणाली. तिची चारही खरी होती, तिनेच सांगितलं, आणि पदरात तोंड लपवून हसली. टेबलावरचा माणूस विचारायचा, "मान्य?" आणि लोक म्हणायचे, "मान्य." पुढचा. मान्य. पुढचा. मान्य. कुणाला कशाचं काही वाटत नव्हतं, आणि वाटायचं कारणही नव्हतं, कारण प्रत्येकाची चूक ज्याची त्याची होती.

माझा नंबर आला. माणसाने फॉर्म पुढे सरकवला. वर छापलेलं होतं: माझ्याकडून झालेला गुन्हा मला मान्य आहे. खाली नाव: नंदकिशोर दत्ताराम परब. "इथे त्यांच्या वतीने सही करा, ताई. मान्य?"

पेन माझ्या हातात होतं. परमिट तिथून एका सहीवर होतं. आणि माझा हात काही केल्या कागदावर टेकेना. जो माणूस एका चपलेसाठी तीन दिवस शाळेच्या गेटवर उभा राहिला, त्याच्या वतीने मी म्हणायचं की त्याने हायवेवर रिक्षा उडवली?

"मान्य नाही," मी म्हटलं.

"मग इथे कशाला आलात?"

"मान्य नाही हे कळायला," म्हटलं आणि रांगेतून बाहेर पडले. मागच्या माणसाने "अरे वा!" म्हणून टोमणा मारला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो फॉर्म वाचायला लागला.

कोर्टाची तारीख फेब्रुवारीत लागली. भाऊरावांना मी फोन केला नाही, निरोपही पाठवला नाही. स्टँडच्या कट्ट्यावर खडूने तारीख, वेळ आणि कोर्टाचा पत्ता लिहिला, सगळ्यांच्या देखत, आणि परत आले. यायचं तर या, नाहीतर मी एकटी बोलेन. काय बोलणार, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. चालवणाऱ्याचं नाव सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून ते नाव निघताना त्या माणसाची चूल डोळ्यांपुढे येणार, हेही माहीत होतं. मला त्याचा राग होता आणि त्याची दयाही येत होती, आणि या दोन्हीचा मला आणखी राग येत होता.

कोर्टाच्या बाहेर बाकावर दिशा माझ्याशेजारी बसली होती. तिने सुट्टी घेतली होती, मला न विचारता. "तुझं पटलेलं नाही मला," ती म्हणाली, "पण तू एकटी येऊ नयेस." साडेअकराला शिपाई दारात आला आणि हातातल्या कागदावर बघून त्याने जोरात पुकारा केला.

"नंदकिशोर दत्ताराम परब, हाजिर हो!"

सगळ्या व्हरांड्यात ते नाव घुमलं. इतक्या महिन्यांत ह्यांना इतक्या मोठ्याने कुणी हाक मारली नव्हती. दिशाने माझा हात धरला. क्षणभर मला खरंच वाटलं की हे कुठून तरी येतील, रुमालाने मान पुसत, उशीर झाला म्हणून.

"ते नाहीत," मी उठून म्हटलं. "मी आलेय."

आत न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. मी मृत्यूचा दाखला दिला. त्यांनी तारीख बघितली, चलनाची तारीख बघितली, चष्मा खाली घेतला.

"म्हणजे त्या दिवशी ते हयात नव्हते. मग वाहन कोण चालवत होतं? तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हटलं. सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. मी एक श्वास घेतला, नाव ओठांवर आणलं, आणि मागून आवाज आला.

"मी होतो, मॅडम."

भाऊराव दारात उभे होते. खाकी नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बॅज मात्र छातीला लावलेला. धावत आले असावेत, दम लागला होता. ते पुढे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

"भाऊराव विठोबा सावंत. चालवत मी होतो. मालकाला माहीत नव्हतं. मालक..." ते अडखळले. "मालक असा चालवायचाच नाही, मॅडम. कधीच नाही. स्टँडवर कुणालाही विचारा."

"तुमच्या लायसन्सवर नोंद होईल. समजतंय ना?"

"समजतंय."

"मान्य?"

"मान्य."

बाईंनी कारकुनाला काहीतरी सांगितलं. कारकुनाने फाइल ओढली, पट्टी घेतली, आणि त्या छापील कागदावर ह्यांच्या नावावरून एक सरळ रेघ मारली. वर भाऊरावांचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि मला दाखवायला कागद फिरवला.

ह्यांना जाऊन सहा महिने झाले होते. सहा महिने मी खिडक्या-खिडक्यांपुढे उभी राहून त्यांचं नाव खोडून घेत होते. रेशनकार्डावरून खोडलं, गॅसच्या पुस्तकावरून खोडलं, मतदार यादीतून खोडलं, बँकेतून खोडलं. दर वेळी कुणीतरी अशीच एक रेघ मारायचं आणि दर वेळी मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडायचे. आज त्यांचं नाव खोडताना बघितलं आणि पहिल्यांदाच म्हटलं, "अजून एकदा मारा, साहेब. जरा ठळक."